कार्बन नॅनोकण : कर्करोगावरील औषधवहन

कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांवर औषध चढवून ते शक्य तितके कर्करोगाच्या गाठीतच उतरावे, यासाठी विकसित होत असलेली पद्धत. हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फुलरिन (पोकळ गोळा), कार्बन नलिका, ग्राफिन (एका अणूइतका पातळ पत्रा), नॅनोहिरे आणि कार्बन बिंदू ही त्यांची मुख्य रूपे. खानदेशाला यांतला कार्बन बिंदू सर्वांत जवळचा, कारण तो केळीपासूनही बनतो.

कोळशाला वस्तू चिकटते ही गोष्ट जुनीच आहे. विषबाधा झालेल्या रुग्णाच्या पोटात सक्रिय कोळसा देतात तो याच गुणामुळे. औषधवहनात हाच गुण उलट्या कामी येतो : चिकटलेले औषध योग्य जागी सुटायला हवे. डॉक्सोरुबिसिन हे स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे लाल औषध याचे चांगले उदाहरण. सलाईनमधून ते गेले की एकदोन दिवस लघवीही लालसर होते आणि घरचे घाबरून जातात. या औषधाच्या रेणूत सपाट कड्या असतात. त्याचा लाल रंग त्या कड्यांमुळे, आणि कार्बनच्या सपाट पृष्ठभागावर ते पत्त्यावर पत्ता बसावा तसे बसते तेही त्यांच्यामुळेच. प्रयोगशाळेत ग्राफिन ऑक्साइड आणि औषध पाण्यात रात्रभर ढवळतात, मग यंत्रात फिरवून कण तळाशी बसवतात. वर राहिलेल्या पाण्याची लाली जितकी फिकी, तितके औषध कणांवर चढले.

सुटण्याची किल्ली आम्लतेत आहे. रक्ताचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.४ च्या आसपास असतो. गाठीभोवती तो थोडा उतरतो आणि पेशीने कण गिळला की आतल्या पिशवीत ५ च्या जवळ येतो. आम्लात औषधाच्या रेणूवर धनभार येतो, ते पाण्यात अधिक विरघळू लागते आणि कणावरची पकड सैल होते. पेशीने कण आत घ्यावा म्हणून त्यावर फॉलिक आम्लही जोडतात, कारण अनेक कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर या जीवनसत्त्वाचे ग्राही (त्याला पकडून आत घेणारे रेणू) मोठ्या संख्येने असतात. हे सारे करण्यामागचे कारण साधे आहे. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून आयुष्यभरात त्याची मात्रा मर्यादेतच ठेवावी लागते. हृदयाकडे जाणारा वाटा कमी झाला तरी रुग्णाचा मोठा लाभ आहे.

कार्बन बिंदू २००४ मध्ये अमेरिकेत कार्बन नलिका शुद्ध करताना ध्यानीमनी नसता हाती लागले. त्यांचा आकार बहुधा १० नॅनोमीटरच्या आत. २००७ मध्ये मेणबत्तीच्या काजळीतून, तर २०१३ मध्ये आसाममधील तेजपूर विद्यापीठात केळीच्या रसापासून ते मिळवण्यात आले. केळीच्या सालीपासून करायचे तर साल धुऊन, वाळवून, दळून पाण्यासह पोलादी बंद भांड्यात घालतात आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवतात. भांडे उघडले की गुळाच्या पाण्यासारखे तपकिरी द्रव दिसते. गाळून अतिनील दिव्याखाली धरले की तेच निळसर उजळते. या उजेडामुळे कण पेशीत कुठे पोचला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. (घरची काजळी किंवा कोळशाची पूड हे औषध नव्हे. उलट, धुराड्यांची काजळी साफ करणाऱ्यांना होणारा कर्करोग इंग्लंडचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदवला होता.)

अडचणी मोठ्या आहेत. विविध नॅनोकणांवरील प्राण्यांतल्या प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा दिलेल्या कणांपैकी मध्यक (सर्व निकाल क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) ०.७ टक्केच गाठीत पोचल्याचे दिसले; बराचसा भाग यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. सुमारे ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जातात, त्यामुळे ते शरीरात साचत नाहीत, पण गाठीपर्यंत जायला त्यांना वेळही कमी मिळतो. लांब, ताठ कार्बन नलिकांनी उंदरांत ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचे २००८ मध्ये आढळले. चीनमध्ये शस्त्रक्रियेत लसीका ग्रंथी काळ्या रंगाने ओळखण्यासाठी कार्बन नॅनोकणांचे इंजेक्शन वापरतात. औषध वाहून नेण्याचे काम मात्र अजून मुख्यतः पेशी आणि प्राण्यांवरील प्रयोगांतच आहे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारहून उपचारासाठी नाशिक-मुंबईच्या फेऱ्या मारणाऱ्या रुग्णाने यासाठी थांबून चालू केमोथेरपी लांबवू नये.

खानदेशात कच्च्या मालाला तोटा नाही. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरला की खोडांचे ढीग बांधावर पडतात, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शिरपूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून ग्राफिन क्वांटम डॉटवर (ग्राफिनच्या अतिसूक्ष्म, चमकणाऱ्या तुकड्यांवर) शोधनिबंधही निघाले आहेत. खरा पेच सातत्याचा आहे. औषधाचा प्रत्येक घाणा सारखाच उतरावा लागतो. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) साल आणि कांदेबागेची (पावसाळा सरताना लावलेल्या केळीची) साल, माती, खत, पिकण्याची पायरी यांनुसार साखर, पोटॅशियम आणि नत्र बदलते, आणि त्याबरोबर कणांचा आकार व चमकही.