कांदा बियाण्याच्या प्लॉटसाठी मधपेट्या : बुकिंग करण्याआधी हे वाचा

डोंगळे (कांद्याचे फुलांचे दांडे) फुलू लागले की पेट्या पुरवणाऱ्या आम्हाला निफाड, येवला, चांदवडकडून फोन येतात, "आजच पेट्या आणा." पण बांधावर पेटी ठेवली म्हणून बी भरत नाही. मधमाशी कांद्याच्याच फुलावर बसली आणि महिनाभर जिवंत राहिली, तरच ते भरते. यातले बरेचसे तुमच्या हातात आहे.

कांद्याला माशी का लागते

कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात. त्यातला पराग झडून गेल्यावर त्याच फुलातला स्त्रीकेसर लांब होऊन पराग घ्यायला तयार होतो. त्यामुळे स्वतःचा पराग बहुधा कामी येत नाही, दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. तो चिकट असतो, वाऱ्याने फारसा जात नाही.

द्राक्षबागेसाठी मात्र पेट्या मागू नका. द्राक्षाचे परागीभवन माशीशिवाय होते, तुमचे पैसे वाया जातील.

कधी आणि किती

दहा ते पंधरा टक्के गोंडे (फुलांचे गुच्छ) उमलले की पेट्या आणायच्या. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असते आणि माशीला तो फारसा रुचत नाही. पेट्या आठवडाभर आधी आल्या, तर माश्या शेजारच्या मोहरीवर किंवा धन्यावर लागतात आणि मग कांद्याकडे वळायला वेळ घेतात. माशी ओढण्यासाठी गुळाचे पाणी फवारले तर ती पातीवर येते, पण फुलात शिरायचे तिला कारण उरत नाही. मुंग्या तेवढ्या वाढतात. हा उपाय करू नका.

एकरी २ पेट्या, मेलिफेरा (युरोपीय) माशीच्या. सातेरी ही देशी माशी इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगराळ भागात चांगली राहते, उघड्या माळावरच्या उन्हात मात्र ती पेटी सोडून जाण्याची भीती जास्त. पेटी ताब्यात घेताना झाकण उघडून दाखवायला सांगा : किमान ७ ते ८ फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) माश्यांनी झाकलेल्या आणि त्यातल्या ४ फ्रेमवर अंडी-अळ्या हव्यात. अळ्यांना भरवण्यासाठीच माशी पराग गोळा करते. अळ्या नसलेल्या चार पेट्यांपेक्षा अळ्यांनी भरलेली एक बरी.

जागा आणि पाणी

दार पूर्वेला, दुपारी सावली. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळच पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे किंवा गोणपाट ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. फुलोऱ्यात ठिबकच चालवा. तुषार सिंचनाने मधुरस आणि पराग धुऊन जातो, आणि पाण्याचा ताण पडला तर मधुरसच कमी सुटतो.

फवारणी

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. फुलकिड्यांसाठी वापरली जाणारी फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही औषधे माशीला जागेवर मारतात. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारी) असल्याने परागात आणि मधुरसात उतरतात, म्हणून "संध्याकाळी मारले" म्हणून भागत नाही. गोंडे बाहेर पडल्यापासून ही दोन्ही पूर्ण टाळा. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याआधीच उरका. करपा या बुरशीच्या रोगासाठी बुरशीनाशक मारायचेच असेल, तर सूर्यास्तानंतर मारा आणि आम्हाला दोन दिवस आधी कळवा. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण माशी बांध ओळखत नाही.

फवारणी आहे म्हणून पेटीचे दार स्वतःहून बंद करू नका. उन्हात आतल्या माश्या गुदमरून मरतात. दारासमोर जीभ बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा खच दिसला तर ती विषबाधा समजा आणि त्याच दिवशी फोन करा.

बियाण्याची शुद्धता

दुसऱ्या वाणाच्या फुलोऱ्यापासून प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूत बियाण्याला (ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार होते) १००० मीटर अंतर लागते. माशी त्याहून लांब जाते. त्यामुळे कांदाचाळीमागे टाकून दिलेल्या कांद्याला आलेले डोंगळेही उपटून टाका. हे बहुतेक जण विसरतात.

माशी चावली तर

नखाने खरवडून काटा लगेच काढा आणि तिथून दूर व्हा. डंखाच्या वासाने इतर माश्या चवताळतात. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. दारासमोर उभे राहू नका, पेटीच्या मागून चाला.

काम झाले का, हे कसे ओळखावे

कांद्याच्या एका बोंडात तीन कप्पे आणि जास्तीत जास्त ६ बिया असतात. बोंडे हिरवी असतानाच प्लॉटच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली काही बोंडे चिरून बिया मोजा. सरासरी ४ च्या वर असेल तर परागीभवन चांगले झाले, असे आम्ही धरतो. एकाच टोकाला १-२ बिया मिळाल्या, तर माश्या तिथवर पोहोचत नाहीत. तरीही पेट्या उचलून त्या टोकाला नेऊ नका. माश्या जुन्याच जागी परततात आणि घर न सापडून मरतात. पेटी हलवायची तर दिवसाला दोन-तीन फूट, नाहीतर रात्रीच्या रात्री थेट पाच किलोमीटरपलीकडे. आम्हाला कळवा, त्या टोकाला आम्ही दुसरी पेटी आणून ठेवू.