वेल्डिंग टिकतं, शेजारचा पाइप जातो

सध्या मोबाईलवर पाच मिनिटं बोट फिरवलं की एखादा तरी पोरगा घराच्या पडवीत बसून टर्बोचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेल्ड करताना दिसतोच. बेंड कापतो, टाके मारतो, आर्गॉन, म्हणजे वितळलेल्या धातूला हवा लागू न देणारा वायू, फिरवतो, वेल्डिंगवर निळा-जांभळा रंग चढला की हीच पक्क्या वेल्डिंगची खूण म्हणून कॅमेरा अगदी जवळ नेतो, आणि शेवटी ठरलेला सीन, पाइपला लोहचुंबक लावून दाखवणार, चिकटत नाही, म्हणजे ओरिजनल स्टेनलेस, म्हणजे आयुष्यभर गंज नाही की तडा नाही. मला या पोरांचं कौतुकच आहे, हाताने काहीतरी करतायत. पण तो निळा रंग आणि तो चुंबक, या दोन्हीबद्दल जे सांगतात ते साफ उलटं आहे, आणि हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या काठाला राहणाऱ्याला तर ते जास्तच महागात पडतं.

आधी टर्बो काय ते उरकून घेऊ. जाळलेल्या डिझेलच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुरातून सायलेन्सरवाटे फुकट जाते. तोच धूर वाटेत एका पंख्यावर मारायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, हवा जास्त म्हणजे डिझेल जास्त जाळता येतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. सिलिंडरच्या तोंडापासून त्या पंख्यापर्यंत धूर नेणारे पाइप म्हणजे मॅनिफोल्ड: एका बाजूला इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, बोल्टने बसणारी जाड पट्टी, फ्लँज, दुसऱ्या बाजूला टर्बोची फ्लँज, आणि मधे चारही पाइप जिथे एकत्र येतात तो कलेक्टर. चारही पाइपांची लांबी सारखी हवी की नको यावर लोक रात्ररात्र भांडतात, मला त्यात पडायचं नाही. जुन्या डिझेल जीपला पाइप आखूड आणि वळणं कमी ठेवली तरी खूप झालं.

माझा जीव अडकलाय तो वेल्डिंगच्या शेजारच्या पट्टीत. तडकलेला स्टेनलेस मॅनिफोल्ड हातात घेऊन उजेडात फिरवून बघा, वेल्डिंगची लाइन बहुतेक वेळा शाबूत असते, आणि तिच्यापासून थोडं अंतर सोडून, तिला समांतर, केसाएवढी काळी रेघ गेलेली दिसते. लोक म्हणतात वेल्डर कच्चा होता. बिचाऱ्याचं वेल्डिंग तर टिकलंय, शेजारचा पाइप गेलाय.

असं का होतं हे समजायला स्टेनलेस गंजत का नाही तिथून सुरुवात करायला लागते. लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो, ओरखडा पडला तर हवा लागून परत भरून येतो. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली जे पोलाद ओतलं त्याच्यामागे हीच गोष्ट होती. आपल्याकडे ज्याला तीनशेचार (३०४) म्हणतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, शिवाय थोडा कार्बन, जास्तीत जास्त ०.०८ टक्के. आता ०.०८ हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की सोडून द्या. इथेच घोळ आहे.

स्टीलचा तुकडा म्हणजे एकसंध गोळा नसतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एकमेकांना चिकटलेले दाणे दिसतात. जांभ्या चिऱ्याची भिंत डोळ्यापुढे आणा, चिरे म्हणजे दाणे आणि चिऱ्यांमधल्या दर्जा, चुन्याने भरलेल्या फटी, म्हणजे दाण्यांच्या सीमा. वेल्डिंग करताना मधली लाइन वितळते, १४०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि बाजूला जाऊ तसं तापमान उतरत जातं. म्हणजे वेल्डिंगपासून काही मिलिमीटरवर एक पट्टी अशी येतेच की जी वितळत नाही पण साधारण ४५० ते ८५० अंशांमधे बराच वेळ राहते. या तापमानाला कार्बनचा अणू, जो लहान आहे आणि लोखंडाच्या अणूंच्या फटींतून सुळकन सरकतो, तो दाण्याच्या सीमेकडे पळतो, कारण तिथे अणूंची मांडणी विस्कटलेली असते आणि जागा मिळते. सीमेवर त्याची क्रोमियमशी गाठ पडते आणि क्रोमियम कार्बाइड तयार होतं, कार्बनच्या ६ अणूंमागे क्रोमियमचे २३ अणू. वजनात मांडा: २३ गुणिले ५२ म्हणजे ११९६, आणि ६ गुणिले १२ म्हणजे ७२. भागाकार साडेसोळाच्या आसपास. एक ग्रॅम कार्बन साडेसोळा ग्रॅम क्रोमियम गिळतो.

समजा पाइपमधे ०.०६ टक्के कार्बन आहे, तर तो सगळा मिळून फार तर १ टक्का क्रोमियम खाईल. १८ मधून १ गेला, १७ उरले, काय बिघडलं? बिघडलं हे की तो १ टक्का सगळ्या दाण्यातून सारखा वजा होत नाही. कार्बन पळू शकतो, क्रोमियम पळू शकत नाही, कारण क्रोमियमचा अणू मोठा, तो फटीत मावत नाही, लोखंडाच्याच जागेवर बसलेला असतो आणि शेजारची जागा रिकामी होईल तेव्हाच एक घर सरकतो. त्यामुळे कार्बन लांबून लांबून येतो पण क्रोमियम मात्र सीमेला लागून असलेल्या पातळ पापुद्र्यातूनच उचललं जातं. दाण्याच्या पोटात १८ टक्के तसंच्या तसं, आणि सीमेलगत ते त्या साडेदहा टक्क्यांच्याही खाली. तेवढ्या रेघेपुरतं ते पोलाद स्टेनलेस राहिलेलंच नसतं. दर्जांमधला चुना पावसाने धुऊन गेला की चिरे कितीही दणकट असोत, भिंत हलतेच.

याच्यावर इलाज दोन. एक म्हणजे कार्बनच कमी, ३०४ एल, त्यात तो ०.०३ च्या खाली असतो, आणि मग जे कार्बाइड साध्या ३०४ मधे काही मिनिटांत तयार होईल त्याला कित्येक तास लागतात, वेल्डिंग तेवढा वेळ चालतच नाही. पण मॅनिफोल्ड हा टाकीचा पाइप नाही, तो रोज गाडी चढाला लागली की त्याच तापमानात जाऊन बसतो, म्हणजे तास जमत जातातच. म्हणून दुसरा इलाज, ३२१ नावाचा ग्रेड, त्यात टायटॅनियम घातलेलं असतं, कार्बनच्या किमान पाचपट. कार्बनला क्रोमियमपेक्षा टायटॅनियम जास्त आवडतं, तो त्याच्याशीच लग्न लावून मोकळा होतो आणि क्रोमियम वाचतं. त्यातही गंमत आहे. वेल्डिंगला अगदी चिकटून असलेल्या कडेला तापमान इतकं वर जातं की टायटॅनियम कार्बाइडच विरघळतं, थंड होताना टायटॅनियमला परत कार्बन पकडायला वेळ मिळत नाही, आणि पुढे तीच जागा सहाशे-सातशे अंशांत राहिली की मोकळा कार्बन क्रोमियमकडे वळतो, मग सुरीने कापल्यासारखी बारीक रेघ खाल्ली जाते, ज्याला नाइफलाइन अटॅक म्हणतात. हे डोक्यावरून गेलं तर जाऊ दे. पाइप घेताना एल किंवा ३२१ मागायचा, एवढं धरलं तरी चालेल.

आता चुंबक. ३०४ ला तो चिकटत नाही हे खरं, पण २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेस, ज्यात महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यालाही चिकटत नाही, आणि त्यात कार्बन ०.१५ टक्क्यांपर्यंत चालतो. वरचा गुणाकार परत करा म्हणजे कळेल. उलट चांगल्या ३०४ च्या थंड वाकवलेल्या बेंडला आणि वेल्डिंगच्या लाइनला चुंबक थोडासा ओढला जातो, आणि कंपनीच्या कितीतरी गाड्यांचे एक्झॉस्ट ४०९ नावाच्या स्टेनलेसचे असतात, त्याला तो ठार चिकटतो. म्हणजे या परीक्षेत खोटं पास होतं आणि खरं नापास. त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे डिझेलच्या नळीला बांधायचे मायलेजवाले चुंबक. डिझेल चुंबकाला विचारत नाही. ते लावण्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधा, निदान स्वस्त आहे.

हे सगळं घाटावरच्या माणसालाही लागू आहे, पण आपल्याकडे भर पडते ती खाऱ्या वाऱ्याची. मीठ भिजायला पाऊस लागतो असं नाही, हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते त्याच्याही कितीतरी आधी. मिरकरवाडा बंदराजवळ किंवा देवगडला रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी जो चिकट ओलावा असतो तो हाच. मिठातल्या क्लोराइडला नेमकी तीच क्रोमियम गेलेली रेघ सापडते. दिवसा मॅनिफोल्ड लाल होईस्तोवर तापतो तेव्हा काही गंजत नाही, पाणीच नसतं, गंजतो तो रात्री, थंड झाल्यावर. आणि सीमा अशी कुरतडलेली असली की दुसऱ्या दिवशी ताण आला की तडा तिथूनच निघतो.

ताण किती येतो ते बघा. स्टेनलेस १ अंशाला मीटरमागे साधारण १७ ते १८ मायक्रोमीटर वाढतं, साधं लोखंड १२. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमधे ३०० मिमी अंतर धरलं आणि साखरपा सोडून आंबा घाट चढताना पाइप ६०० अंशांनी तापले, तर ते ३ मिमीहून जास्त लांब व्हायला बघतात. हेड मात्र पाण्याने थंड ठेवलेलं, ते जेमतेम पाव मिमी वाढतं. मधे अडकलेल्या वेल्डिंगने काय करायचं? वर जाऊन चहाला थांबलात की तेच सगळं उलट. म्हणून शहाणा फेब्रिकेटर फ्लँजची भोकं लांबट ठेवतो, धूर निघायच्या दोन भोकांच्या (पोर्टच्या) मधे फ्लँज कापतो, आणि टर्बोचं वजन पाइपवर लोंबकळत न सोडता ब्रॅकेट देतो. स्टेनलेसमधून उष्णता वाहतेही साध्या लोखंडाच्या एक तृतीयांशच, त्यामुळे वेल्ड करताना ती एकाच जागी साठते आणि फ्लँज केळ्यासारखी वाकते. जाड प्लेटला बोल्ट मारून, इकडे थोडं तिकडे थोडं असं फिरत वेल्ड करायचं.

आणि तो निळा रंग. तो रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी. फिकट पिवळसर असेल तर थर पातळ, निळा-जांभळा म्हणजे जाड, करडा म्हणजे आर्गॉन पुरलाच नाही. तो जाड थर बनवायला क्रोमियम खालच्या धातूतूनच गेलेलं असतं, म्हणजे इंद्रधनुष्याच्या खाली पुन्हा गरीब पोलाद. लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटचे पाइप जोडणाऱ्या एखाद्या जुन्या वेल्डरला ते रील दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका. शिवाय तो पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडतो, दोन्ही तोंडं टेप लावून बंद करून. ते नाही केलं तर वेल्डिंगची आतली बाजू हवेत जळते आणि खडबडीत काळे दाणे तयार होतात, ते सुटले की सरळ लाखभर फेऱ्यांच्या पंख्यावर. आणखी एक, खिडक्यांचे ग्रिल ज्या टेबलावर ग्राइंड करता त्याच टेबलावर स्टेनलेस ठेवू नका. लोखंडाच्या ठिणग्या त्यात रुततात आणि पंधरा दिवसांत तांबडे ठिपके उठतात, मग लोक स्टीलवाल्याला शिव्या घालतात.

घरी करणाऱ्याला आपल्याकडे एक खास अडचण आहे. वारा आला की आर्गॉन उडतो, म्हणून दार लावून घेतात. पण आर्गॉन हवेहून जड, बंद खोलीत खाली साठतो आणि ऑक्सिजन हटवतो, वास नाही, रंग नाही. वर स्टेनलेसच्या धुरात सहासंयुजी क्रोमियम असतं, कॅन्सर करणारं. आडोसा करा, पण खोली बंद नको. आणि पाइप पुसायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका, वेल्डिंगच्या आर्कच्या, म्हणजे त्या झगझगीत ठिणगीच्या, अतिनील किरणांनी त्याच्या वाफेतून फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू तोच. ॲसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

कायद्याचंही सांगून ठेवतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे ते पुन्हा ठणकावून सांगितलंय. तेव्हा हा उद्योग रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही, बाकावरच्या इंजिनासाठी किंवा बंद ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

आता एवढं स्टेनलेस पुराण सांगून माझं मत विचाराल तर जुन्या डिझेलला स्टेनलेस लावूच नका. साध्या लोखंडाचा, जाड भिंतीचा, बिनजोडाचा काळा सीमलेस पाइप घ्या. तो गंजेल, पण सगळीकडे सारखा गंजेल आणि गंजायला मांस भरपूर आहे, वाढतो कमी, उष्णता पसरवतो जास्त, वेल्डिंगला आतून आर्गॉनचे लाड नाहीत. दिसायला कळकट, रीलमधे कोणी बघणार नाही. फक्त दुकानदाराने काळा नाही म्हणून पाण्याचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप हातात दिला तर परत करा, त्याच्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्ड करताना पांढरा धूर होऊन छातीत जातं, आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो.