नळीतला पाऊस

श्रावणातल्या एका सकाळी चिपळूणहून भावोजींचा फोन आला. "रात्री तीनला नाकात पाणी गेलं रे. वाटलं स्लॅब गळतोय. दिवा लावून बघतो तर वर सगळं कोरडं, आणि मशीनच्या पाइपात हुक्क्यासारखी गुडगुड चाललेली!"

मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्क आणि नळीतून नाकात दाबाची हवा सोडणारं यंत्र. भावोजींना ते लागून चार महिने झालेत. दुकानदाराने फोनवरच निदान करून टाकलं होतं: "कोकणात दमटपणा फार ना साहेब, तुम्हाला हीटेड ट्यूब घ्यावीच लागेल." हीटेड ट्यूब म्हणजे तापणारी नळी. साध्या नळीच्या कित्येक पट किमतीची.

"घेऊ की नको, एवढंच सांग. भाषण नको," भावोजी म्हणाले.

मी रत्नागिरीच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. भाषणाशिवाय उत्तर द्यायची सवय आता राहिलेली नाही. शिवाय सीपॅप मीही सहा वर्षं लावतोय, त्यामुळे हा विषय माझ्या नाकाशी निगडित आहे. भावोजींना दोन वाक्यांत उत्तर दिलं. उरलेलं भाषण इथे करतो.

आधी दुकानदाराचं म्हणणं घेऊ, कारण ते ऐकायला अगदी पटणारं आहे आणि नेमकं उलटं आहे. कोकणातली हवा दमट म्हणून नळीत पाणी साचत नाही. पाणी साचतं ते नळी आतल्या हवेपेक्षा थंड पडते म्हणून. आमच्याकडे आषाढ-श्रावणात नळी थंड पडायला कारण एकच: भिंतीवरचा एसी.

झोपेत घसा मिटून श्वास पुन्हापुन्हा अडतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली त्यावरचा एक भलताच साधा उपाय प्रसिद्ध केला. नाकावाटे किंचित दाबाची हवा सतत आत सोडायची, म्हणजे त्या हवेचाच घशाला आतून टेकू मिळतो. हा दाब फार नसतो. दहा सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे आपल्या भोवतालच्या वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. हवा मात्र भरपूर लागते. आपण सोडलेला श्वास मास्कमध्ये कोंडू नये म्हणून मास्कला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात, आणि त्यांतून मिनिटाला तीसेक लिटर हवा सतत बाहेर जात असते. आठ तासांचा हिशेब केला तर १४ हजार लिटर, म्हणजे १४ घनमीटर हवा. एवढी हवा रात्रभर त्या नळीतून वाहते.

एरवी हवा ओली आणि कोमट करण्याचं काम नाक करतं. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि वाफेने पूर्ण भरलेली असते, एका घनमीटरमागे ४४ ग्रॅम पाणी. श्वास सोडताना त्यातलं थोडं पाणी आणि थोडी ऊब नाक परत मिळवतं. जुन्या घरातल्या काटकसरी बाईसारखा त्याचा कारभार असतो, वाया काही घालवायचं नाही. पण सीपॅप लावून झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं पडलं की हिशेब बिघडतो. हवा नाकातून आत येते आणि तोंडातून निघून जाते. नाकाचा फक्त खर्च होतो, वसुली नाही. मग आतली त्वचा सुकते, सुजते, नाक चोंदतं, नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली. पुष्कळ लोक याच टप्प्यावर मशीन पेटीत बंद करून माळ्यावर टाकतात. यावर उपाय म्हणून यंत्राला पाणी तापवणारं भांडं आलं, ह्युमिडिफायर. त्याने नाक-घसा कोरडा पडण्याचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मात्र त्यामुळे लोक मशीन जास्त तास लावतात का, याबाबतीत निकाल एवढे उत्साहवर्धक नाहीत.

आता पाण्याचा हिशेब, सगळी मेख त्यातच आहे. एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावते? २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. हवा गरम तर भांडं मोठं, हवा थंड तर भांडं लहान. भरलेल्या मोठ्या भांड्यातलं पाणी लहान भांड्यात ओतलं की वरचं सांडणारच. सांडायला सुरुवात होते त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. पहाटे अळवाच्या पानावर जे होतं तेच.

रत्नागिरीची पावसाळी रात्र घ्या. खिडक्या उघड्या, पंखा चालू, तापमान २५ अंश, आर्द्रता ९०-९५ टक्के. म्हणजे घनमीटरला २१-२२ ग्रॅम वाफ. आणि चांगल्या सीपॅप यंत्राचं स्वयंचलित सेटिंग काय साधायला बघतं? २७ अंशांची, ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची हवा. गुणाकार करा: २२ ग्रॅम! यंत्र पाणी तापवून जी हवा तयार करायला धडपडतं, ती आषाढात आमच्या पडवीत फुकट उभी असते. मे महिन्यातही फार फरक नाही. २७-२८ अंशांची, ८० टक्के दमट रात्र याच आकड्याजवळ येते.

अशा रात्री एसी नसेल तर पाण्याचं भांडं रिकामं ठेवलं तरी बहुतेकांचं नाक तक्रार करत नाही. आणि नळीत पाणीही होत नाही. यंत्राच्या पंख्यातून जाताना हवा उलट थोडी तापते, नळीत ती पुन्हा खोलीइतकी होते, दवबिंदूच्या खाली उतरायचा प्रश्नच येत नाही. मी जून ते सप्टेंबर भांडं कोरडं ठेवून झोपतो. तापणारी नळी या काळात लावली आणि २९-३० अंशांवर ठेवली, तर नाकाशी एसटीच्या इंजिनाजवळच्या सीटवर बसल्यासारखी कोंदट ऊब येते. माणूस झोपेतच मास्क ओढून फेकतो.

आता भावोजींची खोली. रिमोटवर २०. आमच्याकडे एसी घेतला की तो २० वर लावायचा असतो, नाहीतर पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो. बाहेर बादलीत टपटपतं ते हेच. खोलीत उरते घनमीटरला दहाएक ग्रॅम वाफेची हवा. भावोजींचं नाक सुकतं, म्हणून ते ह्युमिडिफायर वाढवतात. म्हणजे एक यंत्र वीज खाऊन हवेतलं पाणी बाहेर काढतंय आणि उशापाशी दुसरं यंत्र वीज खाऊन ते परत घालतंय. दहावरून २२ ग्रॅम गाठायला घनमीटरला १२ ग्रॅम, आणि हवा १४ घनमीटर. रात्रीत दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी भांड्यातून उडून जातं.

ही २२ ग्रॅम वाफेची कोमट हवा नळीत शिरते. तिचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास, आणि नळीबाहेर २० अंशांची खोली. पावणेदोन-दोन मीटर लांबीची, पातळ प्लास्टिकची नळी. हवा त्यातून जायला जेमतेम दीड सेकंद घेते, पण तेवढ्यात तिची बरीचशी ऊब निघून जाते. मास्कपाशी ती २२ अंशांवर आली तर तिच्यात १९-२० ग्रॅमच मावणार. उरलेले दोन-अडीच ग्रॅम नळीच्या भिंतीवर. रात्रभरात तीस-पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढं पाणी नळीच्या वाकणात उतरलं की गुडगुड सुरू, आणि कूस बदलताना नळी उचलली गेली की ते थेट नाकात. इंग्रजीत याला रेनआउट म्हणतात. आम्हाला पाऊस काय तो सांगायला नको.

तापणारी नळी इथे कामाची. तिच्या भिंतीत पिळासारखी बारीक तार गुंडाळलेली असते, मास्ककडच्या टोकाला तापमान मोजणारा छोटा संवेदक असतो, आणि यंत्र त्यावर नजर ठेवून तारेतला विद्युतप्रवाह कमीजास्त करतं. भिंत दवबिंदूच्या वर राहिली की पाणी सांडत नाही, भांड्यातून निघालेली सगळी वाफ नाकापर्यंत पोचते. नळी स्वतः थेंबभरही ओलावा देत नाही, हे लक्षात ठेवायचं. भांडं रिकामं ठेवून नळी तापवली तर हवा आणखीच कोरडी लागते.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ साली तापणाऱ्या नळीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, तोसुद्धा थंड खोलीत झोपणाऱ्यांवरचा होता. तिथे नळीचा फायदा दिसला. साहजिक आहे, तिथल्या हिवाळ्यात लोक शयनकक्ष थंड ठेवतात. भावोजींनी फक्त जर्मनीचा हिवाळा चिपळूणला आणून ठेवला.

आमचा खरा हिवाळाही आहे म्हणा. डिसेंबर-जानेवारीत रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते खाऱ्या वाऱ्यांइतके ओले नसतात. किनाऱ्यावर पारा १८-१९ पर्यंत येतो, आत घाटाच्या पायथ्याला आणखी खाली, आणि दापोलीला तर उगीच मिनी महाबळेश्वर म्हणत नाहीत. या दोन महिन्यांत एसी नसलेल्या घरातही नाक सुकतं आणि नळीत थेंब दिसतात. पण दोन महिन्यांसाठी हजारो रुपये घालण्याआधी फुकटचे उपाय करून बघावेत. मशीन पलंगापेक्षा खाली, स्टुलावर ठेवायचं, म्हणजे साचलेलं पाणी उतरून भांड्याकडे जातं. नळी उघड्यावर न ठेवता गोधडीच्या आतून घ्यायची, किंवा तिला जुन्या स्वेटरच्या बाहीचा अंगरखा शिवायचा. आईच्या हातच्या स्वेटरची बाही माझ्या नळीवर पाचवा हिवाळा काढतेय. ह्युमिडिफायर एक आकडा खाली. आणि एसीवाल्यांनी रिमोटवर २६. या शेवटच्या उपायाने नळीतला पाऊस बहुतेक वेळा थांबतो, शिवाय वीजबिलही उतरतं.

एवढं करूनही घसा कोरडा पडतोय, नळीत पाणी होतंय, आणि कुटुंबातल्या इतरांना एसी थंडच हवा असेल, तर नळी जरूर घ्यावी, पैसे वाया जाणार नाहीत. ज्यांना बारमाही सर्दी, नाक चोंदणं आहे आणि जे वर्षभर बंद खोलीत एसी लावून झोपतात, त्यांना तर मी स्वतः घ्या म्हणून सांगेन. मात्र मास्कच्या आतच थेंब दिसत असतील तर ते बऱ्याचदा तुमच्याच उच्छ्वासाचे असतात. गरम, ओला श्वास थंड प्लास्टिकवर आपटतो. त्याला नळी फारसं काही करू शकत नाही.

घेताना एक बघा: साधी २२ मिलिमीटरची नळी जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या यंत्राला बसते, तापणारी नळी ज्या यंत्रासाठी बनवली त्यालाच. मशीन बदललं की ती गेली. टोकाला विजेच्या पिना असतात. धुतल्यावर त्या पूर्ण सुकल्याशिवाय जोडायची नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे काय सुकतं? चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी. नळी दोरीवर टांगून पंख्याखाली ठेवावी, मग भांडं काढून मशीन थोडा वेळ नुसतं चालवावं, आतून हवा फिरली की ती कोरडी होते. उन्हात नको, प्लास्टिक कडक होतं. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते पाणी चालेल का, असं मला तिघांनी विचारलंय. नाही. एसीच्या बादलीतलं तर मुळीच नाही, त्यात धूळ आणि जंतू दोन्ही असतात.

आणि विजेचं काय? एकटा पंखा चालवायला सीपॅपला फार कमी वीज लागते. दहा सेंटीमीटर पाण्याच्या आसपासच्या दाबाला दहा वॉट धरून चाला. भांडं आणि नळी तापवायला घेतली की हाच आकडा कित्येक पट होतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. वादळ सोडा, साधा वळवाचा पाऊस झाला तरी आमच्याकडे लाइट जाते. तेव्हा इन्व्हर्टरवर मशीन न्यायची वेळ आली की पहिल्यांदा नळीचं आणि भांड्याचं तापणं बंद करायचं. ही दोन्ही सेटिंगं सोयीची आहेत, स्वतः बदलायला हरकत नाही. हवेच्या दाबाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

भावोजींना एसी २६ वर ठेवा म्हणालो, ते त्यांना पटलं नाही. तीन रात्री २० वरच झोपले आणि तीन वेळा नाकात पाणी घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

"काल रात्रभर लाइट नव्हती. एसी बंद, मशीन इन्व्हर्टरवर, तू सांगितलंस तसं भांडं बंद. घामाघूम झालो, पण पाइप खडखडीत कोरडा. म्हणजे हीटेड ट्यूब नको ना?"

"डिसेंबरात पुन्हा विचारा," मी म्हटलं.

मागून ताईचा आवाज आला, "त्याला सांगा, रिमोट मी लपवून ठेवलाय."