पूर्वसंमतीआधी अवजार घेऊ नका: महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज

दसऱ्याला चुलत्यांनी रोटाव्हेटर दारात आणला, हार घातला, पेढे वाटले आणि मग मला हाक मारली, "आता अनुदानाचा अर्ज भर." बिलावर तारीख त्याच दिवसाची. अर्ज भरून काही उपयोग नव्हता. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या अवजार अनुदानात आधी पूर्वसंमती, म्हणजे खरेदीला कृषी विभागाची लेखी मंजुरी, मग खरेदी. क्रम उलटला की अनुदान गेलं.

अर्जदाराच्या नावावर शेतजमीन हवी आणि १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा आहे. तो नसेल तर आधी तेच काम उरका. ट्रॅक्टरवर चालणारं अवजार मागणार असाल तर ट्रॅक्टरचं आरसी बुकही लागतं.

महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर लॉगिन करून 'कृषी यांत्रिकीकरण' हा घटक निवडायचा. अवजाराचा प्रकार नीट बघून निवडा, घाईत भलताच पर्याय दाबला जातो. शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची; २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला प्राधान्य आहे. त्यामुळे 'बघू पुढच्या महिन्यात' परवडत नाही.

निवडीचा मेसेज आला की पोर्टल मागेल ती कागदपत्रं मुदतीत अपलोड करायची, जसं की सातबारा, आठ-अ (जमिनीचा खाते उतारा), बँक पासबुक, अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर जातीचा दाखला, विक्रेत्याचं कोटेशन आणि त्या मॉडेलचा तपासणी अहवाल (टेस्ट रिपोर्ट). अर्ज इथेच जास्त अडकतात. कोटेशनवर एक मॉडेल, अहवालात दुसरं. सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. विक्रेता म्हणतो, "चालतंय की." त्याचं चालतं, अर्ज तुमचा परत येतो. कोटेशन हातात पडलं की मॉडेलचं नाव अक्षर अन् अक्षर अहवालाशी ताडून बघा.

पूर्वसंमतीचं पत्र लॉगिनमध्ये दिसलं की मगच खरेदी, तीही पत्रातल्या मुदतीत. पैसे रोख देऊ नका, बँकेतून द्या. नंतर बिल अपलोड करायचं, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) येऊन अवजार प्रत्यक्ष पाहतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारकांना साधारणपणे किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के. पण प्रत्येक अवजाराला कमाल मर्यादा ठरलेली असते आणि दोन्हींपैकी कमी रक्कम मिळते. हे पैसे खरेदीनंतर मिळतात, म्हणजे आधी पूर्ण किंमत तुमच्याच खिशातून जाते. तेवढी सोय करूनच अर्ज करा.

एक हिशेब अर्जाआधीच मांडावा. दोन-अडीच एकरांत रोटाव्हेटर वर्षातले किती दिवस चालणार? उरलेले दिवस भाड्याने चालवायचा विचार असेल तरच हा धंदा जमतो. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर एकेकट्याने अवजारं घेण्यापेक्षा पोर्टलवरच्या 'कृषी औजारे बँक', म्हणजे अवजारं भाड्याने देणारं केंद्र, या घटकाकडे बघा. चुलते आता शेजारच्या शिवारात तासावर रोटाव्हेटर मारतात, गमावलेलं अनुदान तिथून वसूल करताहेत.