आकृतीतली रेघ आणि खरी तार

टीईए लेसर हा कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या काही प्रयोगशाळा तो बनवू पाहत होत्या. आकृत्यांसह सगळी माहिती छापून आलेली होती. समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी या प्रयत्नांचा मागोवा घेतला. त्यांचा १९७४ मधला निष्कर्ष असा, की नुसत्या लिखित माहितीवरून एकालाही चालणारा लेसर बनवता आला नाही. ज्यांना जमलं, त्यांची तो आधी बनवलेल्यांशी प्रत्यक्ष ऊठबस होती. एक अडचण तारेची होती. कपॅसिटरपासून (वीज साठवणाऱ्या भागापासून) इलेक्ट्रोडपर्यंतची (वायूत वीज सोडणाऱ्या टोकापर्यंतची) तार आखूडच लागते. लांब झाली की तिचा इंडक्टन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, वाढतो आणि लेसर चालत नाही. आकृतीत ती नुसती रेघ असते. किती लांब, हे रेघ सांगत नाही; कित्येकदा ती काढणाऱ्यालाही लांबीचं महत्त्व ठाऊक नसतं.

म्हणूनच नोकरी सोडणाऱ्याला शेवटच्या आठवड्यात ‘सगळं लिहून ठेवा’ सांगणं मला जवळजवळ निरुपयोगी वाटतं. तो नेहमीच्या पायऱ्या लिहितो, ज्या बाकीच्यांनाही येतातच. त्यापेक्षा काम अडलेले दोन-तीन प्रसंग निवडा आणि विचारा: संशय पहिल्यांदा कशावरून आला? काय तपासलं, काय मुद्दाम सोडून दिलं? नवखा इथे कुठे फसला असता?

मग काम नवख्याच्या हाती द्या. जाणकाराने शेजारी बसून फक्त पाहायचं. तो जिथे जिथे न राहवून ‘थांब’ म्हणेल, तिथे नोंदीत एक ओळ कमी आहे. ती लिहिताना कारणही लिहा. ‘यंत्र सुरू केल्यावर दहा मिनिटं थांबा’ एवढंच लिहिलं, तर घाईच्या दिवशी ती दहा मिनिटं हमखास कापली जातात. ‘तेल गरम होईपर्यंत मोजमाप चुकीचं येतं’ हे जोडलं, की वाचणारा थांबतो, आणि कधी जास्त थांबायचं तेही त्याला कळतं.

शेवटी, ऐकणाऱ्याने समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची जी ‘आय-पास’ पद्धत आणली गेली, तिच्यात हा टप्पा होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तोंडी माहिती द्यायला दर रुग्णामागे आधी २.४ मिनिटं लागायची, नंतर २.५.