एका पायावर उभं राहणं म्हणजे टाइमपास वाटतो ना?

मुलांची फुटबॉल प्रॅक्टिस बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "हे एका पायावर काय उभं करून ठेवलंय, बॉल द्या की पोरांना!" काही कोचसुद्धा हा भाग दोन मिनिटांत उरकतात. बॅलन्स एकतर अंगात असतो नाहीतर नसतो, त्यात शिकवायचं काय, असं सगळ्यांनी धरलेलंच आहे.

आता डोळे मिटून बोट नाकाला लावून बघा. लागलं ना बरोबर? न बघता हात कुठे आहे ते कळलं कसं? या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात, १९०६ साली शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे बारीक सेन्सर असतात, स्नायू किती आणि किती वेगाने ताणला गेला ते हे कळवतात. टेंडनमधले (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतले) सेन्सर जोर मोजतात, शिवाय बॅलन्स सांभाळायला डोळे आणि कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेतच.

आता माझा आवडता भाग. गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (मांडीचं आणि नडगीचं हाड जोडून ठेवणारा पट्टा) अनेकदा कुणाचा धक्का न लागता तुटतं, पळता पळता दिशा बदलताना नाहीतर उडी मारून खाली येताना, आणि व्हिडिओंच्या अभ्यासातून असं दिसलंय की पाय जमिनीला टेकल्यावर साधारण ४० मिलिसेकंदांतच खेळ खलास होतो. विचार करून हालचाल करायला १५० ते २०० लागतात. बरं, मज्जारज्जूतून परस्पर होणारी प्रतिक्षिप्त क्रिया तरी? ती सुरू व्हायलाच ३०-५० जातात, वर स्नायूत खरा जोर यायला अजून वेळ. म्हणजे तीही उशिराच पोचते!

मग ट्रेनिंगचा उपयोग काय? तर पाय टेकायच्या आधीच मांडीमागचे स्नायू आवळले गेले पाहिजेत. हा अंदाज लहान मेंदू बांधतो, सेन्सरकडून आलेल्या रिपोर्टशी ताडून बघतो, फरक पडला की पुढचा अंदाज सुधारतो. स्नायूंमधल्या त्या चातीसारख्या सेन्सरची संवेदनशीलतासुद्धा गॅमा नावाच्या वेगळ्या चेतापेशी कमी-जास्त करतात, म्हणजे मोजपट्टीच गरजेप्रमाणे अॅडजस्ट होते (हे डोक्यावरून गेलं तर सोडून द्या, पण मला भारी वाटतं). थोडक्यात, एका पायावर पोरगं डगमगतं तेव्हाच ते शिकत असतं, आरामात उभं राहता आलं की व्यायाम अवघड करायचा. फिफाच्या 'इलेव्हन प्लस' वॉर्मअपमध्ये तेच आहे, आधी बॉल हातात धरून उभं राहायचं, मग एकमेकांकडे फेकायचा, मग जोडीदाराने हलकेच ढकलायचं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींनी हे एक सीझन केलं (अभ्यास २००८ मध्ये छापून आला), एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. त्यात ताकदीचे आणि उड्यांचे व्यायामही होते, त्यामुळे सगळं श्रेय बॅलन्सला देता येत नाही.

आणि हो, बॅलन्स वाढवणारे होलोग्रामवाले रबरी बँड आठवतात का? ऑस्ट्रेलियात त्या कंपनीला आपल्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा नाही असं चक्क कबूल करावं लागलं. तरी असलं काहीतरी मनगटात घालून फिरणारे आहेतच.

घोटा एकदा मुरगळला की तिथली जाणीव मंदावते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. सूज उतरली म्हणून लगेच मॅचला उतरवू नका. डाव्या-उजव्या पायावर आळीपाळीने उभं करून बघा, गुडघा आतल्या बाजूला कलतोय का ते समोरून लगेच दिसतं.