घळ मलब्याने भरली तरी धूप थांबत नाही

रस्त्यालगतची घळ मलबा आणि मुरूम टाकून बुजवली की धूप थांबते, असा संदेश नागपुरात दर पावसाळ्याआधी फिरतो. घळ दिसेनाशी होते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घळ पाडते ते वरून येणारे पाणी, आणि भरावाने ते कमी होत नाही. एक हेक्टर काँक्रीटवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळपास १ लाख लिटर पाणी वाहते. ते एकाच पाइपातून उघड्या उतारावर सुटले, की आधी सैल भराव वाहून जातो आणि मग उन्हाळ्यात भेगाळलेली आपली काळी माती आतून पोखरली जाते. म्हणून प्रथम वरचे पाणी वळवावे, बंद पाइपाने घळीच्या तळापर्यंत न्यावे आणि तिथे मोठे दगड रचून त्याचा वेग मोडावा. भराव त्यानंतर, थराथराने दाबून.

पडताळणी कोणालाही करता येते. मृगाआधी रस्त्याच्या बाजूला, काठापासून सुरक्षित अंतरावर खुंटी ठोकून काठापर्यंतचे अंतर मोजावे आणि दिवाळीत पुन्हा मोजावे. ते घटले असेल, पाइपाच्या तोंडाखाली ताजा खड्डा पडला असेल, झाडांची मुळे उघडी पडली असतील, तर भरावाखाली धूप चालूच आहे.